माळ कुणाच्या बापाचा?

भादव्यातल्या एका रविवारी मी नान्नजला माळढोक बघायला गेलो होतो. सोलापुरातून बार्शी रोडनं वीस-बावीस किलोमीटर. शहरातल्या निसर्गप्रेमी मंडळींची सहल होती. पंधराजण. गळ्यात दुर्बिणी, पाठीला कॅमेरे, अंगावर मातकट रंगाचे कपडे. मी एकटाच लाल शर्टात. त्यावरून पहिलं बोलणं खाल्लं. "पक्ष्यांना भडक रंग चालत नाही हो!" आमच्या वस्तीत मातकट रंग कपड्यांवर आपोआप चढतो, दुकानातून विकत आणावा लागतो हे ठाऊक नव्हतं. चुकलं.

दुपारपर्यंत डोळे फोडून बसलो. काळवीट दिसले. चंडोल दिसले. माळढोक दिसला नाही. दिसणार कुठनं? अलीकडच्या मोजणीत सोलापूरच्या माळावर एखाद-दुसरा पक्षी सापडला तरी बातमी होते. सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात, आणि त्यातले बहुतेक तिकडं राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. ज्या पक्ष्याच्या नावानं अभयारण्य, तो पक्षीच नाही. पाटी तेवढी आहे.

परत येताना सहलीतला एक जाणकार हळहळून म्हणाला, "माणसाचा वावर नव्हता ना, तेव्हा इथं भरपूर होते."

हे वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतलं. कारण ज्या काळाविषयी हा गृहस्थ बोलत होता, त्या काळात त्याच माळावर माझी आजी रोज वावरत होती. म्हणजे माझी आजी माणूस नव्हती. दुसरा अर्थ निघतच नाही.

आमचं गाव नान्नजच्या अल्याडपल्याड. नाव सांगत नाही. नावावरून पत्ता लागतो आणि पत्त्यावरून जात. गावकुसाच्या बाहेर आमचा वाडा, आणि वाड्याच्या पाठीमागं सुरू व्हायचा माळ. हाडकी-हाडवळ्याचा तुकडा होता तो कधीच कुणाच्या तरी कर्जात गेला. उरला फक्त माळ. आजी म्हणायची, "गाव पाटलाचं, मळा पाटलाचा, हीर पाटलाची. माळ तेवढा देवाचा. म्हणून आमाला हात लावता यायचा." या माळावर तिच्या शेळ्या चरल्या. इथलं पवन्या, मारवेल कापून तिनं बाजारात भारे विकले. शेण वेचलं, सरपण वेचलं, बोरं वेचली. तरवडाची साल काढली, ती ढोरवाड्यात चामडं कमवायला जायची. गावातलं ढोर मेलं की आमची माणसं ते माळावरच ओढून न्यायची. गावाला जे जे नको ते माळावर. त्यात आम्हीही आलो.

आजीला माळढोक चांगला माहीत होता. ती त्याला 'हूम' म्हणायची. नर पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून तसा आवाज काढतो म्हणून. "काय चालायचं रं ते! पाटील जत्रंत निघाल्यावानी." तिला हेही ठाऊक होतं की मादी घरटं बांधत नाही, उघड्या माळावर बहुतेक एकच अंडं घालते. अंडं दिसलं की बाया शेळ्या वळवून लांबनं न्यायच्या. हे तिनं कुठल्या पक्षीतज्ज्ञाकडनं ऐकलं नव्हतं. पण मी इथं खोटं चित्र रंगवणार नाही. फासेपारधी तो पक्षी फाशात धरायचे, खायचे, विकायचे. साहेबलोक घोड्यावरनं, जीपमधनं येऊन बंदुकीनं मारायचे. फरक एवढाच की साहेबानं मारला की ती शिकार, पारध्यानं धरला की ती चोरी.

आता मुद्द्याचं ऐका. १९७२ चा दुष्काळ पडला. सुकडी आणि मिलो खाऊन आमच्या लोकांनी तो काढला. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजनेत या माळावर गवताचे प्लॉट पाडले गेले. चर खणले, गवत पेरलं, झाडं लावली, भोवती कुंपण घातलं. हे चर खणणारे हात कुणाचे? माझी आजी त्या कामावर होती. पोटात माझी आत्या, डोक्यावर मातीची पाटी. याच प्लॉटात पुढं माळढोक राहू लागले, वाढले, आणि तज्ज्ञांचं लक्ष इकडं वळलं. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींसारख्या माणसानं या पक्ष्यासाठी खस्ता खाल्ल्या, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे असद रहमानी आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात इथं राहून अभ्यास करून गेले. त्यांचं काम मी नाकारत नाही. त्यांची नावं इतिहासात आहेत, असावीत. पण चर खणणाऱ्या बायांचं एकीचंही नाव कुठल्या फलकावर नाही. मस्टरवर फक्त अंगठा.

आणि मग एक दिवस त्याच प्लॉटाच्या कडेला आजी गवत कापत असताना खाकीतल्या एकानं तिला धरलं. भारा सोडायला लावला. विळा काढून घेतला. दंड झाला नाही, केस झाली नाही, तिला फक्त दिवसभर उन्हात बसवून ठेवलं. आजी त्या अपमानाविषयी फारसं बोलायची नाही. मरेपर्यंत बोलली ती विळ्याविषयी. "माज्या बापानं दिल्याला इळा हुता. परत न्हाई दिला."

दोस्तहो, शाळेत आपण जंगल सत्याग्रहाचा धडा वाचलाय. १९३० साली बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सरकारचा कायदा मोडला. देशभक्त ठरले, योग्यच ठरले. माझ्या आजीनं तेच गवत, तसंच कापलं. ती गुन्हेगार ठरली. गवत तेच, विळा तोच, सरकार तेवढं बदललं. मग सांगा, सत्याग्रह गवतात असतो की कापणाऱ्याच्या जातीत?

माळढोक अभयारण्य जाहीर झालं १९७९ साली. नकाशावर रेघ मारताना कुणाचा तरी हात सैल सुटला असावा. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर! उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, पलीकडं कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, हमरस्ते आले. पुण्यामुंबईत बसून आखलेलं हे 'रान'. रानात माणसं नसतात, असं ज्यांना लहानपणापासून चित्राच्या पुस्तकात शिकवलं जातं, त्यांनीच ते आखलं.

मग ओरड सुरू झाली. जमीन विकता येत नाही, कर्ज मिळत नाही, कारखाना काढता येत नाही. ही ओरड सगळीच खोटी नव्हती. चार एकरवाला शेतकरी खरोखर अडकला होता. पण आवाज गेला तो त्याच्या चार एकरामुळं नाही. ज्यांच्या मागं कारखाना, बँक आणि आमदारकी, त्यांच्या गळ्यातून गेला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनं २०१२ च्या सुमाराला अभयारण्य आकसून सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आलं. सातबारावाले दिल्लीपर्यंत भांडले आणि पुष्कळसे सुटले. ज्यांच्याकडं सातबाराच नाही त्यांनी काय दाखवून सुटायचं? शेळी?

आणि एवढं सगळं करून पक्षी वाचला का? नाही वाचला. कारण त्याला मारणारी गोष्ट प्लॉटाच्या कुंपणावर विळा घेऊन उभी नव्हती. १९८० साली उजनीचं धरण पुरं झालं. भीमेचं पाणी कालव्यांतून आलं, जिथं कालवा नाही तिथं बोअर आले. माळढोकाला ज्वारीचं, करडईचं, भुईमुगाचं रान चालायचं. तो त्यात किडे-टोळ वेचत हिंडायचा. आपल्या मालदांडीच्या रानाशी त्याचं भांडण नव्हतं. उसात तो शिरू शकत नाही. आज सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात वरच्या पंगतीत आहे, आणि नान्नज ओळखलं जातं ते द्राक्षांसाठी. उरलेल्या माळावरून विजेच्या तारा गेल्या. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी समोरचं नीट बघत नाही, तारेवर आदळून मरतो. त्यात आमच्या वनीकरणवाल्यांना गवत म्हणजे उजाड वाटलं, म्हणून त्यांनी गवतात झाडं लावली. गवताळ माळावर झाड लावणं म्हणजे तळ्यात माती टाकणं. माळढोकाला लांबवरचं दिसणारा उघडा माळ लागतो.

शेळ्यांनी माळाला काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. गवत दरसाल खुडलं तर माळ उघडा पडतो, हे आजीलाही कळायचं. म्हणूनच बाया माळाची एक बाजू राखून दुसरी चारायच्या. पण ऊस, बोअर, तारा, कारखाने यांच्यावर कायद्याचा हात पडला नाही. पडला तो विळ्यावर. कायद्याला सगळ्यात आधी तेच दिसतं जे सगळ्यात अशक्त असतं.

हे फक्त सोलापुरात घडलं असं समजू नका. अमेरिकेनं १८७२ साली यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान केलं, आणि तिथल्या मूळच्या लोकांना ते परके ठरवून हुसकलं. योसेमिटी खोऱ्यात मूळ रहिवाशांच्या शेवटच्या घरांची राखरांगोळी उद्यानाच्या खात्यानं १९६९ साली केली. १९६४ साली तिथल्या संसदेनं 'निर्जन रान' राखण्याचा कायदा केला. त्याचा मतलब असा की, असं रान जिथं माणूस पाहुणा म्हणून येतो, राहत नाही. सुंदर कल्पना आहे. फक्त रान निर्जन आधी करावं लागतं. योगायोग बघा. त्याच १९६४ च्या डिसेंबरात आपले लोक दादासाहेब गायकवाडांच्या मागं 'पडीक जमीन भूमिहीनांना द्या' म्हणत लाखोंनी तुरुंग भरत होते. तिकडं माणसाला जमिनीवरून उठवायचा कायदा, इकडं माणसाला जमिनीवर बसवायचा लढा. आपल्या सरकारनं १९७२ चा वन्यजीव कायदा करताना नजर कुठल्या बाजूला ठेवली, हे मी सांगायला नको.

सोलापुरात राहणाऱ्याला कुंपण काय असतं ते वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्या शहरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आजही आहे. इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं पारधी, कैकाडी, भामटे यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि इथं तारेच्या कुंपणात डांबलं. हजेरी दिल्याशिवाय बाहेर पाऊल नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. माणसं कुंपणातून बाहेर आली, माळाकडं परतली. आणि वीस वर्षांत माळावरची त्यांची शिकारही गुन्हा ठरली. आधी माणसाभोवती तार होती म्हणून तो माळावर जाऊ शकत नव्हता. मग माळाभोवती तार आली म्हणून तो माळावर जाऊ शकत नव्हता. तारेला काय, ती दोन्ही बाजूंनी सारखीच टोचते.

आता २००६ चा वनहक्क कायदा आहे. चांगला कायदा आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या लोकांनी २००९ साली त्याच कायद्यानं आपल्या गावचं जंगल सामूहिक हक्कात घेतलं आणि राखलं. पण त्यात आदिवासी नसलेल्यांसाठी अट काय? १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवा. हिशेब करा. १९३० पासूनचा पुरावा! तेच साल, जेव्हा पुसदला गवत कापलं गेलं. त्या साली कैकाडी सेटलमेंटच्या तारेत होता, धनगर मेंढरांमागं वाटेवर होता, आणि आमच्या पणजीचं नाव लिहून घ्यायला तलाठी वाड्यात पाय ठेवत नव्हता. पुरावा तुम्ही होऊ दिला नाही आणि आता तोच मागता.

हे मी आमच्या वाचनालयात मांडलं तेव्हा एक दोस्त उसळून म्हणाला, "का बे, पक्ष्याचा वकील झालास व्हय? मेला तर मरू दे की. माळ तरी मोकळा होईल. गायरान आपल्याला मिळंल."

त्याचा राग मला कळतो. पण दोस्ता, इथंच आपण फसतोय. पक्षी गेला की माळ मोकळा होतो, हे खरं. पण मोकळी जमीन आपल्याला कधी मिळाली? १९७८ ते १९९० पर्यंतची दलित भूमिहीनांची गायरान अतिक्रमणं कायम करायचा निर्णय सरकारनं १९९१ साली केला. आजही कित्येकजण त्या सातबाऱ्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवतायत. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देऊन राज्यभर गायरानावरच्या लोकांना नोटिसा निघाल्या. घरं पाडायची टांगती तलवार. आणि त्याच सुमारास सौर कृषी वाहिनीसाठी सरकारी जमिनी, गायरानं नाममात्र भाड्यानं प्रकल्पांना द्यायचं धोरण आलं. गायरानावर झोपडी टाकली तर अतिक्रमण, काचेच्या पट्ट्या टाकल्या तर विकास. सूर्य तरी सगळ्यांचा आहे का, हेही एकदा विचारायला पाहिजे.

सरकारी कागदावर गवताळ माळाला काय म्हणतात माहीत आहे? पडीक. ओसाड. इंग्रजांनी जी जमीन सारा देत नाही ती 'ओसाड' या खात्यात टाकली, आणि आपल्या पडीक जमिनींच्या नकाशांत आजही गवताचे माळ त्याच रकान्यात येतात. ज्याचा गावाला उपयोग नाही, ज्याला वाली नाही, ज्याच्यावर काहीही टाकता येतं, ते ओसाड. दोस्तहो, हा रकाना ओळखीचा वाटतो ना? त्यात माळ आहे, माळढोक आहे, आणि आपण आहोत. आपल्याला त्या पक्ष्याशी भांडायला लावणारा माणूस स्वतः त्या रकान्यात नाही. तो वरच्या रकान्यात बसून दोघांचा लिलाव करतोय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. माळ राखला पाहिजे. पक्षी परत येवो न येवो, माळ राखलाच पाहिजे. तो गेला तर गरिबाच्या शेळीला, सरपणाला, पाण्याच्या झिरप्याला जागा उरत नाही. पण राखायचा तो माळावरच्या माणसांसकट. गायरान आणि गवत भूमिहीन बायांच्या गटांच्या नावावर सामूहिक हक्कानं लिहा. नांगरायला नाही, विकायला नाही, गवतासाठी. कुठली बाजू कधी चारायची, कुठली कधी राखायची हे त्यांना ठरवू द्या. पक्ष्याचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांच्याशेजारी बसावं, त्यांच्या डोक्यावर नाही. माळाचे राखणदार पारध्यांतून, धनगरांतून, आपल्यातून घ्या, आणि रोजंदारीवर नाही, पगारावर, पेन्शनसह. पारध्याइतकं ते रान कुणाला कळतं? तारा जमिनीखाली घाला म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली राजस्थान-गुजरातसाठी सांगितलं, २०२४ साली विजेच्या गरजेपुढं तेही सैल केलं. म्हणजे पक्ष्याचीही सुनावणी शेवटी आपल्यासारखीच होते. आणि उसाला जाणारं पाणी मोजा. आजीचा विळा मोजलात, आता पाइपलाइनही मोजा.

नोकरीतल्या आपल्या राखीव जागांवर बोंब मारणारी हीच मंडळी राखीव रानाचा शब्द काढला की हळवी होतात. आमच्या राखीव जागा त्यांना खुपतात, यांचं राखीव रान आम्ही जपायचं. चालेल. जपू. पण राखण आमची आणि धनीपण तुमचं, हा जुना वतनाचा धंदा झाला. येसकरकी आम्ही पिढ्यान् पिढ्या केली. बाबासाहेबांनी त्या वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं ते पुन्हा खाकी कपड्यात तीच येसकरकी करायला नाही.

महाडचं चवदार तळंही कागदावर सगळ्यांचं होतं. नगरपालिकेचा ठराव होता. पाणी मात्र १९२७ साली जाऊन प्यावं लागलं. ठरावानं तहान भागत नाही. तळं बाटवायला कुणी गेलं नव्हतं. तळं राखायचा हक्क ज्यांना पाणी पिऊ दिलं जात नाही त्यांचाही आहे, हे सांगायला गेले होते. माळाचंही तेच आहे.

पुढच्या भादव्यात मी पुन्हा नान्नजला जाणार आहे. सहलीबरोबर नाही. वाडीतल्या चार बाया, दोन पारधी पोरं आणि आपल्यातले जे येतील ते. दुर्बीण एक असेल, सगळ्यांत फिरेल. माळढोक दिसला तर आजीच्या वतीनं त्याला जयभीम घालीन. नाही दिसला तर माळ बघू. पण या वेळी कुणी म्हणालं की इथं माणसाचा वावर नव्हता, तर मी गप्प बसणार नाही. मी त्याला आधी तो विळा मागीन.